ओल्या वाळूवरची शेपटी

एक

पेटी उघडी होती आणि तिच्यात फक्त वास होता.

पितळी खिळ्यांची ती पेटी तुफूलच्या खोलीत खिडकीखाली असायची. आत एकच वस्त्र. तिच्या वारलेल्या आईचा, मुझूनचा, लग्नातला पोशाख. काळी मखमल, पाठीवर चांदीच्या तारेचं काम, पुढच्या काठाला लाल काचमण्यांची ओळ. पुढून नडगीपर्यंत येणारा आणि मागून हातभर जमिनीवर लोळणारा. म्हणून तर धोफारमध्ये सगळे त्याला शेपटीवालाच म्हणतात. आज संध्याकाळी तो घालून तुफूल नवऱ्यामुलाकडच्या बायकांसमोर बसणार होती.

महफूझा भावाच्या दारी पोचली तेव्हा धुकं इतकं खाली आलं होतं की घराला गच्ची उरली नव्हती. रख्यूतमध्ये खरीफ, म्हणजे धुक्या-भुरभुरीचा मोसम, लागला की असंच होतं. डोंगर जातो, मग मशिदीचा मनोरा जातो, मग शेजारी जातात. उरतो तो समुद्राचा आवाज, आणि तोही नेमका कुठून येतोय ते सांगता येत नाही.

फाटकात तिचा भाचा, तुफूलचा भाऊ बखीत, दोन्ही हात पसरून उभा होता.

"आत्या, थांब! पाय टाकू नकोस. आधी बघ."

लग्नघर म्हणून काल संध्याकाळी अंगणात किनाऱ्यावरची नवी वाळू पसरली होती, माडाच्या झावळीने सारखी केली होती. रात्रभरच्या भुरभुरीने ती दाबून बसली होती. आणि तिच्यावर घराच्या पायरीपासून फाटकापर्यंत एक रुंद, गुळगुळीत पट्टा उमटला होता. मोठा मासा वाळूवरून सरपटत समुद्राकडे निघून जावा तसा. आत पाऊल एकही नाही.

"शेपटी," बखीत म्हणाला. "अंगावर घालून गेली. स्वतःच्या पावलांवरून स्वतःच झाडू मारत गेली. काय डोकं आहे बघ!"

"कुणाचं?"

"आणखी कुणाचं? बाबांच्या त्या दुसऱ्या बायकोचं. घालियाचं."

महफूझाने पट्ट्याकडे नीट पाहिलं. सलालाच्या पोलीस ठाण्यात बायकांच्या जबान्या घेण्यात तिची उमर गेली होती. निवृत्त होऊन ती गावी आली, तरी तिच्यासमोर खोटं बोलताना लोकांना अजून घाम फुटायचा, धुक्यातसुद्धा. तिने आपल्या साध्या सुती पोशाखाची शेपटी उचलून सवयीने डोक्यावर घेतली, भुरभुर लागू नये म्हणून, आणि भिंतीच्या कडेकडेने पायरीकडे निघाली.

पायरीवर ती वाकली. दगडाच्या भेगेत लाल मणी अडकले होते. एकाला अजून दोऱ्याचा तुकडा होता.

दीड

भाऊ बाहेरच्या बैठकीत होता. बैठकीचं दार रस्त्यावर उघडतं. पुरुष, पाहुणे, सगळे रात्री तिथेच झोपले होते.

मुस्तहैल म्हातारा दिसत होता. डोक्याचा फेटा त्याने नीट बांधला नव्हता. पांढऱ्या झग्याच्या गळ्याशी जो गोंडा लोंबतो, तो रोज सकाळी अत्तरात बुडवलेला असे. आज तो कोरडा होता. तो कोण बुडवायचं हे महफूझाला माहीत होतं.

"मी सांगून टाकलंय," तो म्हणाला. "तिच्या भावाला निरोप गेलाय. दुपारच्या असरच्या नमाजाआधी गाडी घेऊन येईल. तिचं गाठोडं, तिचं नशीब."

"विचारलंस तरी का तिला?"

"विचारलं. गप्प बसली. पंधरा वर्षं गप्पच बसलीय." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आणि गाठोडं उघडलं बखीतने. तू नव्हतीस, महफूझा. उघडलं आणि... मुझून खोलीत आली."

"म्हणजे?"

"वास गं. तिचा वास. तिच्या कपड्यांना यायचा तोच."

मागून बखीतने एक डबा पुढे केला. दुधाच्या भुकटीचा जुना पत्र्याचा डबा. झाकण उघडताच महफूझालाही क्षणभर वाटलं की कुणीतरी पाठीमागून जवळ येऊन उभं राहिलं. आत धुपाचं काळसर, चिकट मिश्रण होतं.

"आईचा धूप," बखीतने डोळे पुसले. "चोरून ठेवला होता. पोशाख गेला कुठे ते कळेलच. डबा चोरणारीने पोशाख सोडला असेल?"

"डबा माझ्याकडे दे."

"पुरावा आहे तो, आत्या."

"म्हणूनच मागतेय. पुरावा तुझ्या हातात राहिला की त्याला तुझाच वास लागतो."

दोन

शम्सा. नवऱ्यामुलाची आई. कालच मेंदी घेऊन धल्कूतहून आलेली, रात्री आतल्या घरात झोपलेली. रात्री आत तिघीच होत्या: ही, घालिया आणि तुफूल.

"अगं महफूझा, मी चोर? माझ्याकडे बघ तरी! मला गादीवरून उठवायला दोन सुना लागतात."

"तुम्हाला तो पोशाख पसंत नव्हता म्हणे."

"नव्हताच. तोंडावर सांगितलं मी. सलालाहून नवा आणलाय, खड्यांचा, बघशील तर डोळे दिपतील. पोरगी म्हणे, आईचाच घालणार. म्हटलं, घाल बाई. पण धुरी माझी. माझ्या घरात यायचं तर माझ्या घरचा धूर अंगाला मुरायला हवा. मला माझ्या सासूने दिली, मी माझ्या सुनांना दिली."

"मग तुफूल काय म्हणाली?"

"काही नाही. पेटीचं झाकण लावलं. जोरात."

"आणि घालिया?"

"ती बोलते कधी? डोंगरातली बाई, माडासारखी उंच आणि माडासारखीच मुकी. पण हो, मला विचारलंन, तुमच्या धुपात साखर जास्त असते का? मखमलीला साखरेचा धूर चिकटतो म्हणे. मी म्हटलं, बाई, मी काय आज धुरी देतेय का? तर खाली बघायला लागली."

"सकाळी काही ऐकलंत?"

"उजाडायच्या आधी शेळ्या ओरडल्या परसात. एकदाच. मग चूप."

"लगेच?"

"लगेच. ओळखीचं माणूस दिसल्यावर होतात तशा. मला वाटलं घालिया असेल. आता सांगतेस का मला, लग्न आहे की नाही आज? माझे गुडघे दुखतायत, आणि कॉफी कुणी विचारली नाही अजून."

दोनच, पण परसदारातून

स्वयंपाकघरातून परसात जायचं दार. कडी आतून लावलेली. बखीतने शपथेवर सांगितलं, तो सकाळी आत आला तेव्हाही ती अशीच होती.

महफूझा दाराला टेकून उभी राहिली. बाहेर शेळ्या धुक्यात तोंडं बुडवून चरत असल्यासारख्या दिसत होत्या.

अंगणात पट्टा एकच होता. बाहेर जाणारा. फाटकापाशी वाळू पुढे ढकलली जाऊन तिची छोटी सरी झाली होती. आत येणारं काहीच नव्हतं, पाऊलही नाही, पट्टाही नाही. म्हणजे नेणारी बाहेरून आली नव्हती. ती रात्रभर घरातच होती. पुढच्या दाराने गेली आणि मागच्या दाराने, शेळ्यांमधून, परत आली. आणि मग कडी लावली.

इतकं बखीतलाही समजलं असतं. समजून तो म्हणाला असता, बघ, घालियाच.

पण घालिया तर चोरी करायची म्हणून पुढच्या दाराने का जाईल? परसदार होतं की. शेळ्या गप्प होत होत्या की. पुढच्या दाराने, फाटकातून, मखमल अंगावर घालून, शेपटी सोडून, तसा चोर जात नाही.

तशी नवरी जाते.

महफूझाने कडी काढली, पुन्हा लावली. तिला वाटलं, हे इथेच ठेवून आपण घरी जावं, कॉफी करून प्यावी.

तीन

तुफूल खिडकीत बसली होती, कोपरापर्यंत सकाळी लावलेली ओली मेंदी, हात हवेत धरलेले. बापासारखी ठेंगणी. तिकडे मस्कतच्या कॉलेजात चार वर्षं काळ्या, पायघोळ अबायात काढलेली मुलगी, केस अजून शहरी पद्धतीने बांधलेले.

"आत्या, सापडला?"

"नाही. पेटी बघू का?"

महफूझाने उघड्या पेटीत तोंड घातलं. लाकडाला, खिळ्यांना, तळाच्या कापडाला, सगळ्याला तो वास होता. दाट, गोड, आणि ताजा.

"तू उघडायचीस कधी?"

"दर सुट्टीत. आल्यावर पहिलं तेच." तुफूलचा आवाज बारीक झाला. "लहानपणी याच्यावर डोकं ठेवून झोपायचे. आईचा चेहरा मला आठवत नाही, आत्या. खरंच नाही. फोटोतला आठवतो, तो वेगळा. पण झाकण उघडलं की ती असते. एवढंच उरलंय तिचं."

"आणि आज शम्सामावशी त्याला धुरी देणार होत्या."

तुफूलने मेंदीच्या हातांकडे पाहिलं.

"आज घालियाला घराबाहेर काढतायत," महफूझा म्हणाली.

"तिच्याकडे आईचा धूप होता." पटकन, धारदार. "पंधरा वर्षं माझ्या आईचा डबा गाठोड्यात दडवून बसली होती. मला चिमूटभर दिला असता तर काय बिघडलं असतं? कधी एक शब्द बोलली नाही. जाऊ दे तिला."

बाहेर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवला, दूर, चढावर. दोघींनी कान दिले. भोंगा धुक्यात विरला. ती दुसऱ्या कुणाची तरी गाडी होती.

चार

घालिया कपड्यांच्या घड्या घालत होती. खोलीत शिरण्यासाठी तिला वाकावं लागे इतकी ती उंच होती. महफूझाने तिचा एक पोशाख उचलून नाकाशी धरला. डोंगरातल्या कच्च्या लोबानाचा वास. दुसरा उचलला. तोच. तिसरा. तोच.

"या डब्यातला धूप तुझ्या एकाही कपड्याला नाही," महफूझा म्हणाली आणि डबा मध्ये ठेवला.

"नाही."

"पंधरा वर्षं जपलास, आणि एकदाही वापरला नाहीस?"

घालिया एक बाही सरळ करत राहिली.

"घालिया, या महिन्यांत आपल्याकडे चपलेला आठवड्यात बुरशी येते. गव्हाला येते. माणसालाही येत असेल, कुणी बघितलं नाही. आणि एका पेटीतली मखमल सतरा खरीफ कोरडी राहते, आणि वास कालच लावल्यासारखा. तू मला मूर्ख समजतेस का?"

"नाही ताई."

"डबा मुझूनचा नाही."

घालियाने बाही खाली ठेवली.

"मी या घरात आले त्याच खरीफला पेटी उघडली," घालिया म्हणाली. तिचा आवाज उंचीच्या मानाने लहान होता. "वारा दाखवायला. गळ्याशी पांढरी बुरशी चढलेली. वास कुठेच नाही. शोधला, तर एका काखेत चिमूटभर उरलेला. पोर त्या पेटीवर डोकं ठेवून झोपायची, ताई. म्हटलं, आज ना उद्या हिला कळेल की आत कुणी नाही. मग त्या चिमटीवरून लागले तसाच धूप जुळवायला. हे घाल, ते घाल. नाकाला विचार. तेव्हा चुकायचं. पोर झाकण उघडून नाक मुरडायची. म्हणायची, आज पेटी रुसलीय." ती किंचित हसली. "आणि मग एका वर्षी मुरडलं नाही."

"सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सांगितलं असतं तर तो वास माझा झाला असता."

महफूझाने डब्याचं झाकण लावलं.

"पोशाख कुणी नेला ते तू मला विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"तुम्हीही मला विचारलं नाहीत." घालियाने शेवटची घडी गाठोड्यात ठेवली. "पायरीवरचे मणी मी उचलणार होते. बखीत आधी आला."

"तुला माहीत आहे तर."

"पोरीने नेला, म्हणजे तिला हवा होता. तिचाच आहे. ताई, एक शब्द द्या. डब्याचं तिला सांगू नका. मी जाईन डोंगरावर. भाऊ आहे, उंट आहेत, तिथे धुक्यात जास्त गवत असतं. तिला आई असू दे."

"डब्याचं सांगितल्याशिवाय तुझ्यावरचा आळ जात नाही, वेडे. तो डबाच तुला बाहेर काढतोय."

"शब्द द्या."

चार, तसंच चालू

महफूझाने शब्द दिला.

(इथे आकडा नाही, धुकं आहे)

"चल, समुद्र बघून येऊ," महफूझाने तुफूलला म्हटलं. "मेंदी वाळेल वाऱ्यावर."

खरीफमध्ये होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, झावळ्यांच्या चटयांखाली. धुक्यात त्या झोपलेल्या जनावरांसारख्या दिसत होत्या. लाटा दिसत नव्हत्या. एखादी फुटली की पायाखालची वाळू हलायची तेवढंच. दोघी चालत राहिल्या. महफूझाची शेपटी तिच्या डोक्यावर होती. धुक्यातून समोर एक बाई आली, सलाम करून गेली. तिचीही शेपटी डोक्यावर, काखेत नीट खोचलेली.

"बघितलंस?" महफूझा म्हणाली.

"काय?"

"ती काय करत होती ते. सांग."

"चालत होती."

"हातांनी काय केलं होतं तिच्या?"

तुफूल वळून बघायला लागली, पण बाई विरली होती. मग तिने आत्याच्या डोक्याकडे पाहिलं. आणि तिथेच थांबली.

"आपल्याकडची बाई या दिवसांत शेपटी जमिनीला लावत नाही, तुफूल. दाराबाहेर पाय टाकायच्या आधी हात आपोआप मागे जातो. विचार करावा लागत नाही. घालियाचा जातो, शम्साचा जातो, माझाही जातो, झोपेतसुद्धा जाईल. ओल्या वाळूवर मखमल ओढत नेणारी बाई फाटकापर्यंत पोचायच्या आत तिच्या आईने तिला धपाटा घातला असता. पण जिने तो फक्त आरशासमोर घातलाय, घरात, कोरड्या फरशीवर, आणि जिला धपाटा घालायला आई नव्हती..."

"आत्या."

"आणि मणी. लाल मणी पुढच्या काठाचे. पुढचा काठ नडगीपर्यंत असतो, तो पायाखाली येतच नाही. तुझी आई उंच होती. घालिया तर तिच्याहून उंच. त्यांच्या पायाखाली तो काठ यायचा नाही. येईल तो ठेंगणीच्याच. शम्सा बुटकी, पण तिला ती पायरी उतरवायला अख्खं खानदान लागतं. उरलं कोण?"

तुफूल वाळूत बसली. मेंदीचे हात तिने अजून हवेतच धरले होते, कुणी तरी काही द्यावं म्हणून धरावेत तसे.

"मला पावलं पुसायची नव्हती," ती म्हणाली. "मला माहीतही नव्हतं की पुसली जातायत. मी एकदाच... पुढच्या दाराने. आई जशी निघाली असेल तशी. अंधुकसं उजाडत होतं. वास माझ्याभोवती होता आणि धुकं भोवती. मला वाटलं आम्ही दोघी चालतोय." ती थांबली. "मग इथे काढून ठेवला. घरच्या कपड्यांवरूनच घातला होता. संध्याकाळी त्या मावशींनी धुरी दिली असती, आणि त्या धुरात आई संपली असती. लग्न झाल्यावर येऊन न्यायचा होता. घालियावर येईल असं नव्हतं वाटलं मला. आणि मग डबा निघाला. म्हटलं, ही तरी कुठे चांगली आहे? नेलंय ना तिनेही काहीतरी आईचं?"

महफूझाने ओठ घट्ट मिटले. दिलेला शब्द तोंडात खड्यासारखा होता.

"कुठे आहे?"

तुफूलने हनुवटीने दाखवलं. बापाची होडी, टोकाची. महफूझाने चटई उचलली. आत, फळ्यांमध्ये, काळी मखमल घडी घातलेली होती.

"मेंदीच्या हातांनी मी कशी..."

"मी धरते. तू ये."

महफूझाने पोशाख उलगडून समोर धरला. तुफूलने दोन पावलं पुढे टाकली, डोळे मिटले आणि गळ्यापाशी नाक नेलं.

पुन्हा नेलं.

मग काखेत. मग पाठीवर, चांदीच्या तारेपाशी. मग तिने चेहराच मखमलीत दाबला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. वर केला तेव्हा गालावर पाणी होतं, धुक्याचं की कशाचं ते महफूझाने बघितलं नाही.

"ओलीचा वास येतोय," ती म्हणाली. "आंबूस. ती... आई थोडीशीच आहे. अगदी आत."

"हं."

"एका सकाळीत?"

महफूझाने मखमलीवरची वाळू झटकली.

"आत्या, सकाळी ठेवला मी. फक्त सकाळीच. एका सकाळीत एवढा गेला." तुफूलचे डोळे हळूहळू आत्याच्या चेहऱ्यावर स्थिरावले. "मग इतकी वर्षं कसा राहिला?"

लाट फुटली. पायाखालची वाळू हलली.

"आत्या, बोल ना."

"मी शब्द दिलाय," महफूझा म्हणाली.

"कुणाला?"

महफूझाने पोशाखाची घडी केली, शेपटी वर घेऊन तो खांद्यावर टाकला आणि घराकडे चालू लागली. मागून बराच वेळ पावलं आली नाहीत. मग आली. आधी सावकाश, मग धावत.

पाच

फाटकापाशी डोंगरातली धुळकट गाडी उभी होती. घालियाचा भाऊ स्टीअरिंगवर हात ठेवून बसला होता, गाठोडं मागे पडलं होतं. घालिया गाडीजवळ उभी, शेपटी डोक्यावर, तोंड झाकलेलं. मुस्तहैल बैठकीच्या दारात होता. बाहेर येत नव्हता आणि आतही जात नव्हता. बखीत मात्र बाहेर होता, आणि शेजारची धुक्यातली माणसंही एक एक करून दिसू लागली होती.

तुफूल आत्याच्या पुढे आली.

"मी नेला होता," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मीच. माझ्या आईचा होता, म्हणून नेला. घालियाने काही केलं नाही."

"तुफूल!" बखीत म्हणाला. "आणि डबा? आईचा धूप हिच्या गाठोड्यात..."

"गप बस रे तू," तुफूल म्हणाली. "आईचा डबा असता तर सतरा वर्षांत दगड झाला असता त्याचा. तो अजून मऊ आहे, मी पाहिलाय. हात घालून बघितलास का? का नुसता रडलास?"

बखीत एक पाऊल मागे सरकला. मुस्तहैल बघत होता घालियाकडे, पंधरा वर्षांत कधी बघितलं नसेल तसा.

तुफूल गाडीजवळ गेली. उंच बाईसमोर ती खांद्याएवढीही नव्हती.

"कधीपासून?"

घालियाने महफूझाकडे पाहिलं. महफूझाने मान हलवली: मी नाही.

"कधीपासून, घालिया?"

"आले त्या खरीफपासून."

"म्हणजे मी..." तुफूलचा आवाज फुटला. "इतकी वर्षं मी कुणाला हुंगत होते?"

"तुझ्या आईलाच," घालिया म्हणाली. "मी फक्त..." आणि मग तिला शब्द सापडला नाही. तिने हात वर केला, धूर हलवावा तसा हलवला आणि खाली सोडला.

तुफूल वळली आणि घरात निघून गेली. वाळूवरून सरळ, पावलं उमटवत. दार लागलं.

गाडीचं इंजिन धुक्यात घरघरत राहिलं.

"बसतेस की नाही?" भाऊ वैतागून म्हणाला. "घाट चढायचाय मला. समोरचं उंटाचं तोंडही दिसत नाही."

घालियाने गाडीच्या दाराला हात घातला. महफूझाने तिचा हात धरला नाही. चाळीस वर्षं जबान्या घेऊन तिला एवढंच कळलं होतं की खरं सांगून झालं की मग माणसांना एकटं सोडावं लागतं, आणि ते कसं सोडायचं हे कुणी शिकवत नाही.

तेव्हा मुस्तहैल बैठकीची पायरी उतरला. काठी नाही, चपला नाही. गाडीच्या मागे जाऊन त्याने गाठोडं धरलं. बखीत धावला, "बाबा, मी घेतो." त्याने कोपराने त्याला बाजूला सारलं. गाठोडं जड होतं. म्हाताऱ्याने ते छातीशी घेतलं आणि वाकून, धापा टाकत, अंगणातून आत नेलं. घालियाशी तो एक शब्द बोलला नाही. तिच्या जवळून जाताना मात्र तो थबकला, जणू काही विचारणार होता. मग तसाच गेला.

दार उघडलं.

तुफूल उंबऱ्यात उभी होती. मेंदी तिने धुऊन टाकली होती. हात अर्धवट रंगाचे, नारिंगी, ओले. एका हातात धुपाटणं, निखाऱ्यांनी भरलेलं. काखेत तो वेताचा उंच सांगाडा, ज्याच्यावर कपडे पसरून धुरी देतात. पोशाख महफूझाच्या खांद्यावर होता, तो तिने नजरेनेच मागितला.

"घालिया," ती म्हणाली. आवाज रागावलेला होता, अजूनही. "ओला झालाय. मला नाही येत. मी केलं तर मखमल करपेल."

घालिया हलली नाही.

"संध्याकाळपर्यंत वाळायला हवा," तुफूल म्हणाली. "डबा आत्याकडे आहे. येतेस का? निखारे विझतायत."

घालियाने डोक्यावरची शेपटी सारखी केली. भावाकडे वळून ती म्हणाली, "तू जा. दिवे लावून सावकाश जा. आणि आईला सांग, पुढच्या महिन्यात येईन. राहायला नाही, भेटायला."

"सकाळी एक निरोप, दुपारी एक निरोप," भाऊ पुटपुटला आणि गाडी वळवायला लागला.

ओसरीत त्यांनी सांगाडा मांडला. घालियाने डब्यातून बोटाच्या टोकावर मावेल एवढाच धूप घेतला, निखाऱ्यावर न ठेवता निखाऱ्याशेजारी ठेवला. तुफूल वाकून बघत होती, अगदी जवळून.

"निखाऱ्यावर का नाही?"

"वर ठेवला तर साखर जळते. मखमलीवर डाग पडतो. बाजूला ठेवायचा, वितळू द्यायचा. धूर आपणहून येतो."

"किती वेळ?"

"नाकाला कळतं."

"मला नाही कळत."

"कळेल. बस. चार खरीफ लागतात."

धूर वर आला, आधी पांढरा, मग दिसेनासा. धुक्यात धूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेना. मखमलीच्या विणीतून तो सावकाश बाहेर पडला, पाठीवरच्या चांदीच्या तारेभोवती फिरला आणि दोघींच्या केसांवर बसला.

आतल्या खोलीतून शम्साचा आवाज आला.

"अगं कुणी सांगेल का मला? मिळाला का तो मेला पोशाख? आणि माझ्या धुरीचं काय?"

महफूझाने दारातून डोकं आत घातलं.

"मिळाला," ती म्हणाली. "धुरी यांची यांनाच देऊ द्या. जरा थांबा, वाळतोय. मी कॉफी आणते तुम्हाला."